कर्णबधिर कर्मचारी व कार्यस्थळातील संज्ञापन

कारखाना, कचेरी, दुकान इ. ठिकाणी काम करणाऱ्या कर्णबधिर व्यक्तींना सूचना, चर्चा व निर्णय यांत इतरांच्या बरोबरीने सहभागी होता यावे, यासाठी कामाच्या व्यवस्थेत करावयाच्या योजनांचा या विषयात समावेश होतो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सु. ५० लाख होती. पुणे शहर आणि लगतची पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण ही औद्योगिक क्षेत्रे यांसारख्या परिसरात कर्णबधिर व्यक्तीस काम मिळणे, ते टिकणे व त्यात बढती मिळणे, या तिन्ही बाबतींत संज्ञापन हा निर्णायक घटक ठरतो.

ओष्ठवाचनाच्या मर्यादा : बोलणाऱ्याचे ओठ पाहून कर्णबधिरास सर्व समजते, हा समज चुकीचा आहे. प, ब व म हे वर्ण उच्चारताना ओठांची हालचाल जवळजवळ सारखीच दिसते. क, ख व ग यांचे उच्चारस्थान तर बाहेरून दिसतच नाही. त्यामुळे ‘यंत्र बंद करा’ व ‘यंत्र मंद करा’ या दोन सूचनांतील फरक केवळ ओठांवरून ओळखता येत नाही. श्रवणयंत्र बोलण्याबरोबर यंत्रांचा गोंगाटही वाढविते, म्हणून कारखान्यात त्याचा उपयोग मर्यादित असतो.

लेखी सूचना : लेखी मजकूर उपयुक्त असला, तरी तो नेहमीच पुरेसा नसतो. भारतीय सांकेतिक भाषेचे व्याकरण मराठीहून वेगळे आहे. तीत विभक्तिप्रत्यय नसतात व प्रश्नवाचक खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते. बालपणापासून ही भाषा वापरणाऱ्यास लेखी मराठी ही दुसरी भाषा असते. अशा वाचकासाठी वाक्ये लहान असावीत, एका वाक्यात एकच कृती सांगावी व सोबत आकृती द्यावी. सूचना समजली की नाही, हे नुसत्या होकारावरून न ठरविता कृती करवून घेऊन पडताळावे.

सभा व सुरक्षितता : सभेत एका वेळी एकानेच बोलावे, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर पुरेसा प्रकाश असावा व विषयपत्रिका आधी द्यावी. महत्त्वाच्या चर्चेसाठी सांकेतिक भाषेचा प्रशिक्षित दुभाषी नेमावा. त्याऐवजी सहकाऱ्याने नंतर सांगितलेला सारांश पुरेसा मानू नये, कारण तोपर्यंत निर्णय झालेला असतो. धोक्याच्या भोंग्यास लुकलुकणाऱ्या दिव्याची जोड आवश्यक असून हे दिवे प्रसाधनगृहातही असावेत.

कायदा व संस्था : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ रोजी अंमलात आला. त्यानुसार शासकीय आस्थापनांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखीव असून त्यांपैकी १ टक्का बधिर व अल्पश्रवण व्यक्तींसाठी आहे. वाजवी सोयी नाकारणे हा भेदभाव ठरतो. अंमलबजावणीवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुण्यात आहे. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (स्थापना १९८३) व दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र (स्थापना २०१५) येथे दुभाषांच्या प्रशिक्षणाची सोय आहे. दिल्लीच्या केंद्राने २०२१ मध्ये सु. १०,००० संज्ञांचा कोश प्रसिद्ध केला.

राखीव जागेमुळे नेमणूक होते. परंतु कामाविषयीची माहिती वेळेवर न मिळाल्यास कुशल कर्मचारीही वर्षानुवर्षे एकाच यंत्रावर राहतो. सहकाऱ्यांनी दैनंदिन कामातील खुणा शिकून घेणे, हा यावरील सर्वांत कमी खर्चाचा उपाय होय.