यांत्रिक हत्यारांची निगा व गंजरोधन

घरातील अथवा घरालगतच्या लहान कर्मशाळेतील लेथ, छिद्रण यंत्र, मिलिंग यंत्र, शाणन यंत्र ही धातुकामाची यंत्रे व त्यांच्या जोडीची मापन-उपकरणे स्वच्छ ठेवणे आणि त्यांच्या उघड्या पृष्ठभागांवर गंज चढू न देणे, यासाठीच्या उपायांचा या विषयात समावेश होतो. रंग दिलेल्या भागावरील गंज यंत्राला फार तर विद्रूप करतो. लेथच्या बेडावरील सरकमार्ग, चकाची बैठक, निमुळते दंड यांची गोष्ट निराळी आहे. त्यांची अचूकता मिमी.च्या शतांशात मोजली जाते. तेथे गंजाने खड्डे पडले, तर पृष्ठभाग पुन्हा शाणून किंवा स्क्रेपरने खरवडून सपाट करावा लागतो. हे काम खर्चिक असून एकाच यंत्रावर चरितार्थ चालविणाऱ्या कारागिराला तेवढे दिवस यंत्र बंद ठेवणेही परवडत नाही.

मुंबईच्या गिरगाव, लालबाग, परळ, दादर या भागांत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. कापड गिरण्यांची दुरुस्तिखाती, परळ व लोअर परळ येथील रेल्वे कर्मशाळा आणि १८८७ मध्ये स्थापन झालेली व पुढे भायखळ्याहून माटुंग्याला गेलेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट (सध्याची वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट) यांमुळे येथे टर्नर व फिटर यांची परंपरा निर्माण झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. परंतु हातातील कसब टिकून राहिले. लहान लेथ किंवा बाकावरील छिद्रण यंत्र तळमजल्यावरच्या गाळ्यात, पडवीत, प्रसंगी राहत्या खोलीच्या कोपऱ्यातही बसविलेले असते. समुद्र येथून जवळ आहे. कुलाबा येथील वार्षिक सरासरी पर्जन्यमान सु. २,२०० मिमी. असून जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो.

गंज ही विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. लोखंडावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर जमला व त्यात हवेतील ऑक्सिजन विरघळला की, धातूचे काही बिंदू धनाग्र व काही ऋणाग्र बनतात आणि जलयुक्त लोह ऑक्साइड तयार होते. त्याचे घनफळ मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. म्हणूनच जवळजवळ बसविलेले भाग गंजाने नुसते खराब होत नाहीत, तर जाम होतात. हवेची सापेक्ष आर्द्रता सु. ६० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर स्वच्छ लोखंड फारच सावकाश गंजते. तीवर गेल्यास गंजण्याचा वेग एकदम वाढतो. पृष्ठभागावर मीठ असेल, तर ही मर्यादा पुष्कळच खाली येते, कारण मीठ स्वतःच हवेतील ओलावा ओढून घेते. समुद्रावरून येणारे क्षारकण व हाताचा घाम या दोहोंतही क्लोराइडे असतात. काही माणसांच्या घामाने बोटांचे ठसे रात्रीतून तांबूस उमटतात. अशांनी मापनठोकळ्यांना व व्हर्निअर कॅलिपरला हात लावल्यावर ती तत्काळ पुसून तेलाचा हात फिरविणे इष्ट असते.

पावसाळ्यात यंत्रावर पाणी कोठून आले, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. छत तर गळत नसते. याचे उत्तर दवबिंदूत आहे. हवेचे तापमान ३०° से. व सापेक्ष आर्द्रता ८५% असताना दवबिंदू सु. २७° से. असतो. बिडाचा जड बेड रात्री थंड होतो आणि सकाळी हवेइतका लवकर तापत नाही. तो हवेपेक्षा अवघा तीन अंश थंड असला, तरी त्याला घाम फुटतो. सकाळी दारे-खिडक्या उघडून ‘हवा खेळती’ ठेवण्याची सवय अशा वेळी उलट अपाय करते. याच हवेत धातूचे तापमान हवेपेक्षा सहा अंशांनी वाढविले, तर त्याच्या पृष्ठभागालगतची सापेक्ष आर्द्रता सु. ६१ टक्क्यांपर्यंत उतरते. यंत्रावर जाड सुती आच्छादन घालून त्याखाली, कापडाला किंवा तेलाला स्पर्श होणार नाही अशा जाळीच्या पिंजऱ्यात, एक लहान तापदीप जळता ठेवण्याची युक्ती याच तत्त्वावर आधारलेली आहे. प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळणे मात्र टाळावे, कारण आत अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही.

राहत्या खोलीत आणखी एक कारण असते, ते म्हणजे स्वयंपाक. एक किग्रॅ. द्रवरूप पेट्रोलियम वायू जळताना सु. १·६ किग्रॅ. पाण्याची वाफ निर्माण होते. भाताची व डाळीची वाफ वेगळीच. पावसाळ्यात दोरीवर वाळत घातलेले कपडेही तेच काम करतात. त्याहूनही घातक म्हणजे डाखकामासाठी किंवा मोरी धुण्यासाठी ठेवलेली हायड्रोक्लोरिक अम्लाची बाटली. तिचे बूच घट्ट असले, तरी थोडे बाष्प निसटतेच व काही दिवसांत शेजारची हत्यारे तपकिरी दिसू लागतात. अशी बाटली यंत्राच्या खोलीत ठेवूच नये.

गंजरोधनाची सुरुवात स्वच्छतेपासून होते. काम संपताच बुरादा ब्रशने काढावा. दाबाखालील हवेने तो उडविल्यास बारीक कण कॅरेजच्या पुसणीखाली शिरून सरकमार्गावर ओरखडे पाडतात. बिडाची पूड तेल शोषून घेते व लाकडाचा भुसा ओलावा धरून ठेवतो, तेव्हा ही दोन्ही रात्रभर यंत्रावर राहू देऊ नयेत. पाण्यात मिसळण्याचे शीतक तेल प्रमाणापेक्षा पातळ केले किंवा जंतूंमुळे नासून त्याला वास येऊ लागला, तर ते स्वतःच गंजाचे कारण होते. व्हाइस व चक यांच्या खाली साचलेले शीतक वरून दिसत नाही, म्हणून हे भाग अधूनमधून उचलून पुसावे लागतात.

पुसल्यावर तेल लावावे, हे सर्वांना माहीत असते; कोणते, याविषयी मात्र गैरसमज आहेत. केरोसीन (घासलेट) मळ काढण्यास चांगले, पण त्याचा थर टिकत नाही. खोबरेल व गोडेतेल काही काळाने आंबट होतात किंवा चिकटतात. रोजच्या वापरासाठी सरकमार्गाचे खनिज तेल पुरते. महिनाभर यंत्र बंद राहणार असेल, तर पेट्रोलियम जेली किंवा विद्रावकात विरघळविलेले लोकरमेण (लॅनोलीन) अधिक भरवशाचे ठरते [⟶ वंगण]. पेटीतील सुट्या हत्यारांसाठी बाष्परूप गंजरोधक कागद किंवा सिलिका जेल वापरतात. सिलिका जेल ओलावा पिऊन निकामी झाल्यावर सु. १२०° से. ला तापवून पुन्हा वापरता येते.

चढलेला गंज ताजा असेल, तर तेल व अत्यंत बारीक पोलादी लोकर यांनी निघतो. सरकमार्गावर एमरी कागद चालवू नये. त्याचे कण बिडात रुतून बसतात. चिंचेतील व लिंबातील अम्ले गंज विरघळवितात, पण काम होताच भाग धुऊन, वाळवून तेलात घ्यावा लागतो. हिरड्यातील टॅनिनामुळे गंजाचे निळसर काळ्या लोह टॅनेटात रूपांतर होते. सुट्या भागांसाठी धुण्याच्या सोड्याच्या विद्रावात १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहाने विद्युत् विच्छेदन करतात. यात गंजलेला भाग ऋणाग्राला व साध्या पोलादाची पट्टी धनाग्राला जोडावी. अगंज पोलाद वापरल्यास क्रोमियमाची विषारी संयुगे विद्रावात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन निघत असल्याने ती शेगडीजवळ करू नये. कठिण पोलादाच्या स्प्रिंगा यामुळे ठिसूळ होण्याचा संभव असतो.

खंडेनवमीला (आश्विन शुद्ध नवमी) यंत्रे धुऊन-पुसून पूजण्याचा प्रघात पावसाळ्याच्या अखेरीस येतो. वर्षातील सर्वांत कसून साफसफाई पुष्कळ ठिकाणी याच वेळी होते. तथापि उघड्या धातूवर रात्रभर राहिलेला झेंडूचा ओला हार व त्यावर उडालेले नारळाचे पाणी यांचे डाग दसऱ्यानंतर हमखास दिसतात, कारण नारळाच्या पाण्यातही क्लोराइडे असतात. हार रंगविलेल्या भागावर घालावा, नारळ यंत्रापासून दूर फोडावा आणि पूजेनंतर सरकमार्ग पुसून त्यावर पुन्हा तेलाचा हात फिरवावा.