कोडिंग येत नाही? ओपन सोर्समध्ये पहिलं काम तरी तुम्ही करू शकता!

"सर, मी बीकॉम. दुकानात बिलं करतो. ओपन सोर्समध्ये माझं काय काम?" अचलपूर-परतवाड्याच्या मुलांकडून हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर सोपं आहे. कोड लिहिणाऱ्याला कोड समजतो, पण दुकान तुम्हाला समजतं. प्रोजेक्टला दोन्ही लागतं.

आपल्या कामाचंच उदाहरण घेऊ. ईआरपीनेक्स्ट म्हणजे हिशेब, स्टॉक, खरेदी-विक्री सांभाळणारं सॉफ्टवेअर. मुंबईच्या रुषभ मेहतांनी घरच्या फर्निचरच्या धंद्याची गरज बघून ते बनवायला घेतलं आणि २००८ साली कंपनी सुरू केली. तीच आजची फ्रॅपे. या सॉफ्टवेअरचा कोड गिटहबवर सगळ्यांसाठी खुला आहे. म्हणजे सुरुवातच एका धंद्याच्या अडचणीतून झाली. मग तुमची अडचण तिथे का चालणार नाही?

१. आधी वापरा
चाचणीचं खातं उघडा आणि खोटी नावं टाकून आठवडाभर बिलं करा. चालू हिशेबावर प्रयोग करायचा नाही, हे पक्कं! समजा संत्रा कॅरेटने घेतला आणि किलोने विकला, तर स्टॉक बरोबर उतरतो का? सागवान घनफुटात टाकून बघा. जिथे अडाल, ते वहीत लिहा.

२. चूक नीट कळवा
"चालत नाही" एवढं लिहिलं तर समोरचा काय करणार? चार गोष्टी लिहा: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि आवृत्ती कोणती. ही चूक आधी कोणी कळवली आहे का, ते शोधा. एका नोंदीत एकच चूक. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. स्क्रीनशॉटमधून गिऱ्हाइकाचं नाव, मोबाइल आणि जीएसटी नंबर आठवणीने झाका, कारण ती नोंद सगळं जग बघतं. चूक सुरक्षेची असेल, तर मात्र ती उघड न लिहिता प्रोजेक्टने दिलेल्या खासगी मार्गानेच कळवायची.

३. भाषांतर करा
इथे व्यापाऱ्याचं ज्ञान सोन्यासारखं आहे. सॉफ्टवेअरमधलं 'लीड' म्हणजे चौकशी करणारं गिऱ्हाईक. डिक्शनरी उघडून भाषांतर करणारा तिथे 'शिसे' लिहून मोकळा होईल! 'बॅच' म्हणजे मालाचा लॉट, वर्गातली तुकडी नाही. फ्रॅपेचं भाषांतर क्राउडइन या साइटवर चालतं. सुरुवातीला वीसच शब्द घ्या, पण तुमच्या मुनिमाला वाचून समजतील असे करा.

४. मग कागदपत्रं, मग कोड
मदतपुस्तिकेत एखादी पायरी सुटली असेल तर ती सुचवा. गिटहबवरच्या फाइलमध्ये पेन्सिलच्या खुणेवर क्लिक करून ब्राउझरमधूनच दुरुस्ती पाठवता येते. कोड शिकत असाल, तर 'गुड फर्स्ट इश्यू' अशी चिठ्ठी लावलेली कामं शोधा. ती नवख्यांसाठी राखलेली असतात. बदल छोटा ठेवा. दहा ओळींचा बदल तपासायला सोपा, हजार ओळींचा पडून राहतो.

मनाची तयारी
उत्तर यायला दिवस लागतात. कधी "हे बदलून आणा" म्हणून परत पाठवतात. तो अपमान नाही, तीच तुमची फुकटची शिकवणी. आणि स्पष्ट सांगतो, या कामाचे पैसे मिळत नाहीत. पण तुमचं काम तुमच्या नावावर उघड राहतं. उद्या अकाउंटंट म्हणून किंवा सॉफ्टवेअर बसवून देणारा म्हणून काम मागाल, तेव्हा समोरच्याला सर्टिफिकेटऐवजी हे दाखवता येईल, तेही अचलपुरात बसून.

शिवाय एक चूक दुरुस्त झाली, की ती फक्त तुमच्या दुकानापुरती राहत नाही. पुढची आवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक दुकानाचं बिल बरोबर निघतं.

या आठवड्याचं काम: चाचणीचं खातं उघडा, दहा बिलं करा आणि एक अडचण चार ओळींत लिहून काढा. तेवढी पाठवली, की तुमची सुरुवात झाली!