अतिशुद्ध पाण्याचा सामू : मापनातील अडचणींचे स्वरूप

प्रस्तावना
शुद्ध पाण्याचा सामू अर्थात पीएच ७ असतो, हे विधान विद्यार्थ्यांना शालेय पाठ्यपुस्तकांपासून परिचित असते. प्रत्यक्षात ऊर्ध्वपातित पाण्यात सामूमापकाचा इलेक्ट्रोड बुडविल्यास अंक स्थिरावत नाहीत व पुष्कळदा ६ च्याही खाली जातात. अशा वेळी मापक बिघडला असे मानले जाते, किंवा प्रयोगवहीत ७ लिहून विषय संपविला जातो. वस्तुतः दोष बहुधा उपकरणाचा नसून, पाण्याची शुद्धता हेच अडचणीचे मूळ असते.

अडचणींची कारणे
सामूची संकल्पना सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. २५° से. तापमानास शुद्ध पाण्याच्या एक कोटी लिटरमध्ये हायड्रोजन आयन अवघे एक मोल असतात. त्यामुळे सूक्ष्म अशुद्धीनेही सामू बदलतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल तयार होते आणि हवेशी समतोल साधल्यावर सामू सुमारे ५.६ वर येतो. म्हणजेच हायड्रोजन आयनांचे प्रमाण सुमारे पंचवीस पट वाढते. हा बदल रोखणारी बफर क्षमता शुद्ध पाण्यात नसते.

दुसरी अडचण विद्युतीय आहे. अशा पाण्याची विद्युतवाहकता २५° से. तापमानास केवळ ०.०५५ मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर असते. संदर्भ इलेक्ट्रोडमधील पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण व हे पाणी जेथे भेटतात, तेथील विभवांतर अस्थिर राहते. सामूच्या एका एककास सुमारे ५९ मिलिव्होल्ट असल्याने, अवघ्या ६ मिलिव्होल्टच्या त्रुटीने वाचन ०.१ ने चुकते. शिवाय प्रमाणीकरणाची बफर द्रावणे आयनयुक्त असल्याने त्यांत अचूक चालणारा मापक शुद्ध पाण्यातही अचूक चालेल, याची हमी मिळत नाही. इलेक्ट्रोडवर राहिलेला बफरचा अंशही नमुना दूषित करतो.

तापमानाचा प्रभावही विसरता येत नाही. १००° से. तापमानास उदासीन पाण्याचा सामू सुमारे ६.१ असतो, तरीही ते पाणी आम्लधर्मी नसते.

उपाययोजना
पाण्याचा हवेशी संपर्क टाळण्यासाठी बंद प्रवाही पात्रात मापन करणे श्रेयस्कर ठरते. दुसरा मार्ग म्हणजे नमुन्यात शुद्ध पोटॅशियम क्लोराइड अल्प प्रमाणात मिसळून वाहकता वाढविणे. अमेरिकी औषधसंहितेतील वाहकता चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात दर १०० मिलिलिटर नमुन्यास ०.३ मिलिलिटर संपृक्त पोटॅशियम क्लोराइड द्रावण घालून सामू मोजला जातो व तो ५.० ते ७.० दरम्यान असणे आवश्यक असते. मात्र शुद्धतेची मुख्य कसोटी तेथेही वाहकता हीच आहे. औष्णिक वीजकेंद्रांत अमोनियायुक्त बाष्पकजलाचा सामू धनायन विनिमयकापूर्वीच्या व नंतरच्या वाहकतेवरून काढण्याची पद्धतही रूढ आहे.

समारोप
अतिशुद्ध पाण्याची शुद्धता सामूवरून ठरविणे सयुक्तिक नाही. त्यासाठी वाहकता हाच अधिक विश्वसनीय निकष होय. प्रयोगवहीत अपेक्षित ७ ऐवजी प्रत्यक्ष मिळालेला ५.८ हा अंक, तापमान व हवेशी संपर्काचा काळ यांसह नोंदविला जाणे आवश्यक आहे. त्या अंकाचे कारण शोधण्यातच रसायनशास्त्राचे खरे शिक्षण आहे. पुस्तकातील उत्तर वहीत उतरविण्याने मात्र निरीक्षणाची सवयच नाहीशी होते.