हात न टेकता उठता येते का?

रविवारी वंदना आटोपली की विहारात एक दृश्य आम्ही नेहमी पाहतो. तरुण मंडळी झटकन उठतात आणि चपला शोधायला लागतात. मागे भिंतीला टेकून बसलेल्या आजी मात्र आधी एक हात जमिनीवर टेकतात, मग दुसरा नातवाच्या खांद्यावर ठेवतात आणि "आई गं" म्हणत गुडघे सरळ करतात. पुढच्या वर्षी त्याच आजी खुर्चीवर बसलेल्या दिसतात. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांचे येणे बंद होते. घरी चौकशी केली तर उत्तर ठरलेले असते, "वय झालं आता."

वय झाले हे खरेच आहे. पण उठता न येण्यामागे वय किती आणि मांडीचे स्नायू किती, हे कोणी तपासून पाहत नाही. तिशी-चाळिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू घटायला लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्यात एखादा आजार, पंधरा दिवसांचे अंथरूण किंवा "आई, तू काही करू नकोस, बसून राहा" अशी प्रेमाची सक्ती आली की घसरण आणखी जोरात होते.

ही घसरण थांबते का? १९९० साली अमेरिकेतील बोस्टन शहरात एका वृद्ध रुग्णालयात हे तपासले गेले. डॉ. मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा जणांना मांडीच्या स्नायूंचा वजनाचा व्यायाम दिला. आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे. वजन नावापुरते नव्हते, चांगले जड होते, आणि ताकद वाढेल तसे ते वाढवत नेले. एकाने मध्येच सोडले, नऊ जणांनी पूर्ण केले. त्यांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. दोघांची काठी सुटली. नव्वदीच्या माणसांची ही गोष्ट आहे, आपल्या पासष्टीच्या आजींची नव्हे.

चार वर्षांनी त्याच डॉक्टरांनी शंभर अशक्त वृद्धांवर आणखी एक प्रयोग केला. काहींना व्यायाम, काहींना ताकदीचे पेय, काहींना दोन्ही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद वाढली. नुसते पेय पिणाऱ्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. मेडिकलमधून महागडा पावडरचा डबा आणून आईवडिलांच्या उशाशी ठेवणाऱ्या मुलांनी हे लक्षात घ्यावे.

आता एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो, आणि तो रास्त आहे. "जन्मभर डोक्यावर विटा-सिमेंटची घमेली वाहिली, दहा घरची धुणीभांडी केली, रस्ते झाडले. आता म्हातारपणी आणखी कसला व्यायाम?" ज्यांनी आयुष्य कष्टात काढले त्यांना हा सल्ला टोचतो. पण काम आणि व्यायाम यात फरक आहे. कामात ओझे मुकादम ठरवतो, विश्रांती मिळेल याचा भरवसा नसतो आणि रोज त्याच कमरेवर, त्याच गुडघ्यांवर भार पडतो. व्यायामात ओझे आपण ठरवतो, थोड्या वेळा उचलतो आणि मध्ये एक दिवस शरीराला सुट्टी देतो. त्या सुट्टीतच स्नायू भरून येतो. शिवाय काम सुटले की कष्टाने कमावलेली ताकद शिल्लक राहत नाही. ती काही पोस्टातली ठेव नव्हे.

बस्तीत राहणाऱ्या वृद्धांना ही ताकद इतरांपेक्षा जास्त लागते. सार्वजनिक संडासात उकिडवे बसावे लागते, धरायला दांडा नसतो. माळ्यावर जायची लोखंडी शिडी जवळजवळ सरळ उभी असते. गल्लीत फरशी हललेली, गटारावरचे झाकण एका बाजूला कललेले. रात्री संडासला जायला नको म्हणून संध्याकाळनंतर पाणीच न पिणाऱ्या कितीतरी आजी आपल्याला माहीत आहेत. पडून खुब्याचे हाड मोडले की ऑपरेशन, कर्ज आणि घरातल्या एखाद्या बाईचे काम सुटणे, हे सगळे मागोमाग येते.

आधी एक साधी चाचणी करा. पाठ टेकायची खुर्ची भिंतीला लावून ठेवा. प्लास्टिकची असेल तर हे फारच महत्त्वाचे, कारण लादीवर ती सरकते. दोन्ही हात छातीवर घडी घालून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते नातवंडाला मोबाइलवर वेळ लावून मोजायला सांगा. जवळ एक जण उभा असू द्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तक्त्यानुसार ६५ ते ६९ वयात बाईचा आकडा ११ पेक्षा आणि पुरुषाचा १२ पेक्षा कमी आला तर तो सरासरीखाली धरतात. सत्तरी ते चौऱ्याहत्तरीत बाईसाठी १० आणि पुरुषासाठी १२. आकडे तिकडचे आहेत, पण अंदाजाला पुरतात. कमी आला तर घाबरू नका, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेसह लिहून ठेवा.

आणि हीच चाचणी पहिला व्यायामही आहे. आठ ते दहा वेळा उठा-बसा, दोन मिनिटे दम घ्या, पुन्हा एकदा करा. अजिबात उठता येत नसेल तर बसायच्या जागेवर गोधडीची घट्ट घडी ठेवा, उंची वाढली की उठणे सोपे होते. जमायला लागले की घडी कमी करत जा. तेही सोपे झाले की पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली छातीशी धरा. ती एक किलोची असते, दोन बाटल्या म्हणजे दोन किलो. खरी मेख याच वाढवण्यात आहे. तीच तीच हलकी कवायत वर्षभर केली तर स्नायूला वाढायचे कारणच उरत नाही. शेवटचे दोन वेळा उठणे जड गेले पाहिजे, पण तोल जाता कामा नये. गप्पा मारत पंधरा वेळा होत असेल तर वजन कमी पडते आहे.

हातांसाठी भिंत पुरते. हातभर अंतरावर उभे राहून तळवे भिंतीला टेकवा, कोपरात वाकून छाती भिंतीजवळ न्या आणि ढकलत परत या. पाठीसाठी पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब मागून आणा, खिडकीच्या गजाला अडकवून दोन्ही टोके स्वतःकडे ओढा. ट्यूबला चिरा नाहीत ना, गज हलत नाही ना, हे आधी पाहा. ओट्याला धरून टाचा उचलणे पोटऱ्यांसाठी आणि तोल सांभाळायला चांगले. दोन पिशव्यांत किलो-किलो तांदूळ घेऊन घरातल्या घरात चालणेही चालेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे पासष्टीच्या पुढे आठवड्यातून किमान दोन दिवस असा ताकदीचा व्यायाम हवा, तोल सांभाळण्याचा सराव तीन दिवस. चालणे वेगळे. "मी रोज फिरतो" म्हणणाऱ्या आजोबांनीही हे करायचे आहे.

उठताना किंवा ढकलताना श्वास सोडा, रोखून धरू नका, त्याने बीपी एकदम चढतो. हृदयविकार, आटोक्यात नसलेला बीपी, हर्निया, नुकतेच झालेले ऑपरेशन किंवा मोडलेले हाड, साखरेमुळे डोळ्यात झालेला रक्तस्राव, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी करू नये. छातीत जडपणा आला, चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, ते दुखणे दोन-तीन दिवसांत जाते. सांधा सुजला किंवा कळ आली तर तो प्रकार थांबवा. गुडघेदुखी असली म्हणून मात्र सगळेच बंद करू नका. मांडी बळकट झाली की गुडघ्यावरचा ताण कमी होतो.

खाण्याबद्दल थोडेच. म्हातारी माणसे रात्री चहा-बटरवर भागवतात, आणि घरात भाजी-डाळ कमी पडली तर आधी स्वतःचेच ताट कमी करतात. स्नायू प्रथिनांतून बनतो. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण साठ ग्रॅम प्रथिने मिळाली तर बरे. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. घट्ट डाळ, उसळ, शेंगदाण्याचे कूट, सुकट, बोंबील, दूध, जे परवडेल ते प्रत्येक जेवणात थोडे असावे. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने.

एकटीने घरात करायला आजींना लाज वाटते. खोली एकच, सूनबाई समोर, जावई आलेला. म्हणून आमची एक सूचना आहे. विहाराच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांची चवड आठवडाभर तशीच पडून असते. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता महिला मंडळाने त्या भिंतीला लावाव्यात. वस्तीतल्या व्यायामशाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला शिकवायला बोलवावे, मात्र त्याला आधी सांगावे की इथे दंड दाखवायचे नाहीत, आजींचा हात धरायचा आहे.

आठ आठवड्यांनी पुन्हा तीस सेकंद मोजा आणि कॅलेंडरवर पहिल्या आकड्याशेजारी लिहा. मध्ये लग्न, ताप, गावाला जाणे यामुळे खंड पडेलच. बोस्टनच्या मंडळींनी चार आठवडे व्यायाम सोडला तेव्हा त्यांचीही ताकद ३२ टक्के उतरली होती. अशा वेळी परत सुरू करताना एक बाटली कमी घ्या, गोधडीची घडी पुन्हा ठेवा.