नव्या कराराचा पाठ आणि प्रेषितांची साक्ष : पुराव्याचे बळ व त्याची मर्यादा

सुवार्तेच्या कार्यात असलेल्या आमच्या बंधुभगिनींना एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. कोणी शेजारी, कोणी महाविद्यालयीन तरुण, क्वचित आपल्याच मंडळीतील एखादा विचारी सभासद विचारतो, “तुमचे शास्त्र मुळात जसे होते तसेच आज आहे, हे कशावरून? आणि ते लिहिले गेले तेव्हा तरी खरे होते, हे कशावरून?” अशा वेळी दोन चुका होण्याचा संभव असतो. ‘विश्वास ठेवा, शंका काढू नका’ असे म्हणून प्रश्न टाळणे ही पहिली. पुरावा जेवढे सांगतो त्याहून अधिक सांगून प्रश्नकर्त्यास गप्प करणे ही दुसरी. आमच्या मते दुसरी चूक अधिक घातक आहे. कारण ती उघडकीस आली म्हणजे सांगणाऱ्याबरोबर सुवार्तेवरचाही विश्वास उडतो. म्हणून पुराव्याचे बळ कशात आहे व ते कोठे संपते, याचा येथे विचार करू.

प्रथम हे लक्षात घ्यावे की, वरील प्रश्नात वस्तुतः तीन प्रश्न एकत्र आले आहेत. प्रेषितांनी व शुभवर्तमानकारांनी जे लिहिले तेच आपल्या हाती आहे काय? त्यांनी लिहिले ते घटनेच्या किती निकटचे आहे? आणि त्यांनी ज्याची साक्ष दिली ते सत्य आहे काय? पहिला प्रश्न पाठशास्त्राचा, दुसरा इतिहासाचा आणि तिसरा अखेर विश्वासाचा आहे. या तिहींची गल्लत केल्यानेच पुष्कळसा घोटाळा होतो.

पाठाचा प्रश्न

नव्या करारातील एकाही पुस्तकाची मूळ प्रत आज उपलब्ध नाही. हे कबूल करण्यात संकोच नको. प्राचीन काळच्या बहुतेक सर्वच ग्रंथांची हीच स्थिती आहे. आपल्याजवळ आहेत त्या नकला. ग्रीक भाषेतील लहानमोठ्या हस्तलिखितांची संख्या पाच हजारांहून अधिक आहे. शिवाय लॅटिन, सुरियानी, कॉप्टिक इत्यादी भाषांतील प्राचीन भाषांतरे आहेत ती वेगळीच. चौथ्या शतकातील सिनाय व व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन थोर प्रती प्रसिद्धच आहेत. त्यांहूनही जुने असे पपायरसाचे तुकडे इजिप्तच्या कोरड्या वाळूत टिकून राहिले. मँचेस्टर येथील रायलंड्स ग्रंथालयातील तुकडा त्यांपैकीच होय. 1920 साली इजिप्तमध्ये विकत घेतलेला आणि 1935 साली प्रसिद्ध झालेला हा तुकडा तळहाताहूनही लहान आहे. त्याच्या एका बाजूस योहानाच्या अठराव्या अध्यायातील 31 ते 33 आणि दुसऱ्या बाजूस 37 व 38 या वचनांचे काही शब्द आहेत.

इतक्या प्रती हातांनी लिहिल्या गेल्या म्हणजे त्यांत पाठभेद शिरणारच. असे पाठभेद काही लाखांच्या घरात जातात. ही संख्या ऐकून पुष्कळजण दचकतात. परंतु हे भेद पडताळता येतात, ते प्रती पुष्कळ आहेत म्हणूनच. एकच प्रत उरली असती तर पाठभेद एकही दिसला नसता, पण चूक कोठे झाली हेही कधी कळले नसते. भेदांपैकी बहुसंख्य शुद्धलेखनाचे, शब्दक्रमाचे किंवा नजरचुकीचे आहेत. शिवाय या प्रती निरनिराळ्या प्रांतांत, निरनिराळ्या हातांनी तयार झाल्या. त्या सर्व एकत्र आणून एकाच हेतूने बदलणे कोणासही शक्य नव्हते.

मराठी वाचकास ही पद्धत अपरिचित वाटू नये. संत एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून तिचा पाठ शुद्ध केला, हे सर्वश्रुत आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 साली पूर्ण झाली. तीही अनेक लिप्यांतील हस्तलिखितांची तुलना करूनच. पाठभेद आहेत म्हणून ज्ञानेश्वरी किंवा महाभारत हरवले, असे कोणी म्हणत नाही. नव्या करारालाही तोच न्याय लावावा, एवढीच आमची मागणी आहे.

तथापि काही भेद लहान नाहीत, हे धर्मशिक्षकाने आधीच जाणून असावे. मार्काच्या सोळाव्या अध्यायातील 9 ते 20 ही वचने सिनाय व व्हॅटिकन प्रतींत नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा वृत्तांत, म्हणजे योहान 7:53 ते 8:11, हा जुन्यात जुन्या ग्रीक प्रतींत आढळत नाही. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील स्वर्गातील तीन साक्षींचे वाक्य तर प्राचीन ग्रीक प्रतींत मुळीच नाही. इरॅस्मसने 1516 व 1519 सालच्या आपल्या आवृत्त्यांत ते घातले नव्हते. 1522 साली ते घातले. पण यामुळे काय ढासळते? ते वाक्य वगळले तरी बाप्तिस्म्याची आज्ञा मत्तयाच्या शेवटी आहेच आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या अखेरचा आशीर्वादही आहे. मार्काचा शेवट आठव्या वचनावर मानला तरी येशू उठला आहे ही घोषणा सहाव्या वचनात झालेलीच असते. छापील आवृत्तीत अशा स्थळी कंस किंवा तळटीप दिसली, तर ती विद्वानांच्या प्रामाणिकपणाची खूण आहे, असे मंडळीस समजावून सांगावे.

काळाचा प्रश्न

पाठ विश्वसनीय ठरला तरी तो घटनेच्या किती जवळचा, हा प्रश्न उरतो. येथे करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय फार मोलाचा आहे. हे पत्र पौलाचेच आहे, याविषयी अभ्यासकांत जवळजवळ एकमत आहे. त्याच्या काळाचा अंदाजही बांधता येतो. प्रेषितांची कृत्ये 18:12 मध्ये करिंथ येथे पौलास अधिकारी गल्लियो याच्यापुढे उभे केल्याचे सांगितले आहे. ग्रीस देशातील डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखात या गल्लियोचा उल्लेख असून त्यावरून त्याची कारकीर्द इसवी सन 51–52 च्या सुमाराची ठरते. करिंथकरांस पत्र त्यानंतर थोड्याच वर्षांनी, 54 च्या सुमारास, लिहिले गेले. येशूचे वधस्तंभावरील मरण 30 किंवा 33 साली झाले असे मानतात. म्हणजे अंतर सुमारे दोन तपांचे राहते.

पण पौल तेथे नवे काही सांगत नाही. आपणांस जे मिळाले तेच आपण प्रथम तुम्हांला सोपवून दिले, असे तो बजावतो. आणि मग ख्रिस्ताचे मरण, पुरले जाणे, तिसऱ्या दिवशी उठणे व केफा, बारा जण आदींस दर्शन देणे, हे क्रमाने मांडतो. अर्थात हा साक्षीचा मजकूर पत्राहूनही जुना आहे. गलतीकरांस पत्रात पौल सांगतो की, तो यरुशलेमेस केफाजवळ पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा बंधू याकोब यासही भेटला. या दोघांचीही नावे त्या यादीत आहेत. तसेच पाचशेंहून अधिक जणांस दर्शन झाले व त्यांतील बहुतेक अजून हयात आहेत, असे तो लिहितो. ज्यांस विचारता येईल अशा माणसांकडे बोट दाखवून दिलेली ही साक्ष आहे. पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेली दंतकथा अशी बोलत नाही.

मंडळीबाहेरचा पुरावा थोडा आहे, पण आहे. रोमी इतिहासकार टॅसिटस याने 116 च्या सुमारास लिहिताना ख्रिस्तास तिबिर्याच्या राज्यात पिलाताने देहदंड दिल्याचे नमूद केले. यहूदी इतिहासकार योसेफस याने ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब याच्या मृत्यूची हकीकत दिली. योसेफसाच्या अठराव्या पुस्तकातील प्रसिद्ध उताऱ्यात मात्र ख्रिस्ती नकलनविसाने भर घातली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो उतारा जसाच्या तसा पुढे करू नये.

अतिशयोक्तीचा मोह

2012 साली अमेरिकेत एका जाहीर वादविवादात, मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिल्या शतकातील तुकडा सापडला आहे, असे सांगण्यात आले. ही वार्ता जगभर पसरली, उपदेशांतही शिरली. 2018 साली तो तुकडा प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचा काळ दुसरे शतक किंवा तिसऱ्याचा आरंभ असा ठरला. तुकडा मौल्यवान होताच. पण मध्यंतरी ज्यांनी त्यावर भिस्त ठेवली त्यांस ओशाळावे लागले. रायलंड्सच्या तुकड्याचा काळ सामान्यतः दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध सांगतात; परंतु हस्ताक्षरावरून काढलेला काळ काही दशके मागेपुढे होऊ शकतो आणि तो याहून नंतरचाही असू शकेल, असे मत अलीकडे मांडले गेले आहे. ‘सुमारे’ हा शब्द आपण वगळू नये.

विश्वासाचा प्रश्न

तर मग इतिहासाने सिद्ध काय होते? येशू होऊन गेला, पिलाताच्या हाती मारला गेला आणि तो उठला व आम्हांस दिसला असे त्याच्या शिष्यांनी अगदी आरंभापासून, जिवाची पर्वा न करता सांगितले, एवढे इतिहास भक्कमपणे सांगतो. देवाने त्याला उठवले, हे मात्र हस्तलिखितांच्या तुलनेतून निघणारे अनुमान नव्हे. ती साक्ष आहे; आणि साक्ष स्वीकारावी लागते. पुरावा वाटेतील धोंडे दूर करतो, पण चालावयाचे ज्याचे त्यानेच. आपला विश्वास अंधळा नाही हे दाखविणे आपले काम आहे. दुसऱ्याच्या अंतःकरणात तो उत्पन्न करणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे.

रायलंड्सच्या त्या तुकड्यावर ज्या संभाषणाचे अवशेष आहेत, त्यातच पिलाताने सत्य म्हणजे काय, असे प्रभूस विचारले होते. प्रश्न योग्य होता. पण उत्तरासाठी तो थांबला नाही, उठून बाहेर गेला. आपल्याकडे प्रश्न घेऊन येणारा प्रत्येकजण पिलातासारखा निघून जाणारा नसतो. पुष्कळांस थांबावयाचे असते. त्यांस आपण खरे तेवढेच, पण निर्भयपणे सांगावे. जो स्वतः सत्य आहे त्याच्या सेवकांस असत्याचा आधार घेण्याचे कारणच काय?