उभी बाटली, आडवी बाटली

काही वर्षांपूर्वी एक बाई नवऱ्याला घेऊन दवाखान्यात आल्या. डोळे पिवळे, पोटात पाणी झालेले. दारूने यकृत पार खराब केले होते. निघताना बाईंनी विचारले, "डॉक्टरसाहेब, गावात बाटलीचं मतदान आहे. माझ्या एकटीच्या मतानं काय होणार?"

वाचकहो, शासनाने दिलेला परवाना गावकऱ्यांच्या मताने बंद होऊ शकतो, ही साधी गोष्ट नव्हे. 2008 च्या शासन आदेशानुसार गावातील 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, की गुप्त मतदान घेतले जाते. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आपल्या पारनेर तालुक्यातील निघोजला 2016 साली महिलांनी बाटली आडवी केली.

मात्र यात एक मेख आहे. झालेल्या मतांचे बहुमत पुरत नाही. यादीतील एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. समजा, यादीत 1000 महिला आहेत. 600 आल्या आणि 450 जणींनी आडव्या बाटलीला मत दिले, तरी दुकान चालूच! 501 मते हवीत. म्हणजे घरी बसलेल्या बाईचे मत उभ्या बाटलीच्या पदरात पडते. त्या बाईंना मी हेच सांगितले.

दुकान बंद झाल्यावरही दोन गोष्टींची काळजी घ्यावी. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, झटकेही येतात. ते नाटक समजू नये, दवाखान्यात आणावे. दुसरी गोष्ट चोरट्या दारूची. 2017 च्या फेब्रुवारीत, जिल्हा परिषद निवडणुकीच्या धामधुमीत, नगर तालुक्यातील पांगरमलला विषारी दारूने माणसे दगावली. अशा दारूत मिथेनॉल असल्यास शरीरात त्याचे फॉर्मिक ॲसिड बनते व डोळ्यांच्या नसा निकामी होतात. त्रास बहुधा 12 ते 24 तासांनी सुरू होतो. धुरकट दिसणे, उलट्या, पोटदुखी, धाप यांपैकी काही दिसताच, उतारा म्हणून लिंबूपाणी देत न बसता, रुग्णाला मोठ्या रुग्णालयात न्यावे. वेळेवर डायलिसिस झाल्यास जीव वाचू शकतो.

यकृत एकदा आक्रसले, की माझ्या औषधांचे फारसे चालत नाही. त्याआधी मत चालते. तेव्हा मतदानाला जाताना शेजारणीलाही हाक मारा.