अल नीनो आला म्हणजे झाडं करपणारच?

कोलकात्यात बागबाजारच्या गॅलिफ स्ट्रीटला दर रविवारी पक्षी आणि माशांबरोबर रोपांचाही बाजार भरतो. जास्वंद, मोगरा, क्रोटन, आंब्या-पेरूची कलमं. अल नीनोची बातमी आली की त्या गर्दीत एक वाक्य हमखास कानावर पडतं: यंदा काही लावण्यात अर्थ नाही, सगळं करपून जाणार. हेच लातूरचे नातेवाईक फोनवर सांगतात, पुण्यात गच्चीवर बाग करणारेही सांगतात, आणि वृत्तवाहिन्या भेगाळलेल्या जमिनीचं तेच चित्र पुन्हा दाखवतात. कोलकात्यात वर्षाला सुमारे १८०० मिलिमीटर पाऊस पडतो, लातूरला त्याच्या निम्म्याहून कमी. दोन्हीकडच्या झाडांचं भवितव्य एकाच वाक्यात उरकायचं, याला काय म्हणावं?

त्या वाक्यात दोन उड्या आहेत. अल नीनो म्हणजे दुष्काळ, ही पहिली. पाऊस घटला की झाडाची वाढ घटते, ही दुसरी. दोन्ही तपासून घ्यायला हव्यात.

प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यात, मध्य आणि पूर्व भागातलं पाणी काही महिने नेहमीपेक्षा जास्त तापतं. त्याबरोबर तिथले ढग आणि वाऱ्यांची घडी सरकते आणि आपल्या मोसमी पावसावर ताण येतो. हा ताण खरा आहे. १८७७चा दख्खनचा दुष्काळ आणि महाराष्ट्राच्या आठवणीत कोरलेला १९७२चा, दोन्ही अल नीनोच्या काळातले. पण ताण येणं वेगळं आणि पाऊस बुडणं वेगळं. विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदार अल नीनोंपैकी एक १९९७ साली आला, आणि त्या वर्षी देशात पाऊस पडला सरासरीच्या १०२ टक्के! २००२चा अल नीनो त्या मानाने मध्यम होता, तेव्हा पाऊस ८१ टक्क्यांवर आला. २००९ मध्ये ७८ टक्के, २०१५ मध्ये ८६, २०२३ मध्ये ९४. हे आकडे भारतीय हवामान खात्याचे आहेत, कुणीही पडताळून पाहावेत.

हा फरक का पडतो, याचा शोध पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेतले के. कृष्णकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी दाखवलं की प्रशांत महासागर किती तापला याइतकंच तो कुठे तापला हेही महत्त्वाचं असतं. मध्य भाग तापला तर भारतातला पाऊस मार खातो. उष्णता पूर्वेला, दक्षिण अमेरिकेच्या बाजूला जास्त असली तर धोका कमी होतो. शिवाय हिंदी महासागराच्या पश्चिम आणि पूर्व टोकांच्या तापमानातला फरकही आपला वाटा उचलतो. १९९७ मध्ये तो पावसाला अनुकूल होता.

देशाच्या सरासरीतून गावाचा पाऊस कळत नाही, हे तर कितीदा सांगायचं? अल नीनोचा मोसमी पावसाशी संबंध वायव्य, मध्य आणि दक्षिण भारतात ठळक आहे. ईशान्येकडे आणि गंगेच्या मुखाकडे येता येता तो पुसट होतो. २०२३च्या ऑक्टोबरअखेर महाराष्ट्र सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. राज्यातले उरलेले तालुकेही त्याच अल नीनोखाली होते.

मग बागबाजारच्या कुंड्यांना अल नीनोचा काहीच त्रास नाही? आहे, पण तो पावसापेक्षा उन्हाच्या वाटेने येतो. अल नीनोनंतरचा उन्हाळा भारतात बहुतेक वेळा जास्त तापतो. ३० एप्रिल २०२४ला कोलकात्यात पारा ४३ अंशांवर गेला. त्या महिन्यात कालबैशाखीची वादळी सरही फारशी फिरकली नव्हती. एवढ्या उन्हात पान आपली रंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइड आत येत नाही आणि वाढ थांबते. म्हणून कलम घेताना अल नीनोची चौकशी करण्याआधी पोत्यात बांधलेला मातीचा गोळा बोटांनी दाबून पाहावा. तो भसकन सुटला तर पांढरी बारीक मुळं तुटलेली असतात. असं रोप चांगल्या पावसाच्या वर्षीही मेच्या उन्हात टिकत नाही. गोळा घट्ट असेल तर मे महिना सावलीत काढावा आणि आषाढ लागला की जमिनीत लावावं.

आता दुसरी उडी. झाडाची वाढ अडते ती सर्वांत तुटपुंज्या गोष्टीपाशी. मराठवाड्यात ती गोष्ट पाणी आहे, त्यामुळे तिथे पाऊस घटला की सोयाबीन खुरटतं. दमट जंगलात मात्र पाणी मुबलक असतं आणि टंचाई उजेडाची असते, कारण आकाश सतत ढगांनी भरलेलं. पनामातल्या बॅरो कोलोरॅडो बेटावर जोसेफ राइट आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं झाडांची फळं-फुलं मोजत आले आहेत. तिथे अल नीनोच्या वर्षी ऊन जास्त मिळतं आणि जंगलाला फळं जास्त धरतात. उपासमार होते ती नंतरच्या ढगाळ, ओल्या वर्षी. तेव्हा फळं कमी धरतात आणि ती खाऊन जगणारे प्राणी भुकेने मरतात.

याहून मोठा दाखला २०१५-१६च्या अल नीनोचा. नासाच्या ओसीओ-२ उपग्रहाने हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला. उष्ण कटिबंधातल्या जमिनीने त्या काळात जास्त कार्बन हवेत सोडला, हे तिन्ही खंडांत दिसलं, पण कारणं तीन होती. दक्षिण अमेरिकेत पाण्याविना झाडांची वाढ घटली. आफ्रिकेत उष्णतेने पालापाचोळा आणि माती जास्त वेगाने कुजली. आशियात, मुख्यतः इंडोनेशियात, आगी लागल्या. २०१७ साली ‘सायन्स’मध्ये आलेला हा अभ्यास वाचल्यावर ‘अल नीनोने झाडं करपतात’ हे वाक्य कुणी बिनदिक्कत कसं उच्चारू शकतं, हे मला खरंच समजत नाही.

ला नीना म्हणजे अल नीनोच्या उलट, प्रशांत महासागरातलं तेच पाणी नेहमीपेक्षा थंड असण्याचा काळ. ‘ला नीना आली, आता चिंता नाही’ हे त्याच गैरसमजाचं दुसरं तोंड. २०२२ मध्ये ला नीना होती, देशात पाऊस १०६ टक्के झाला, आणि तरीही जुलैत बंगालच्या गंगाकाठी आमनची, म्हणजे इथल्या मुख्य भाताची, लावणी पाण्याविना खोळंबली होती.

‘हे सगळं माणसाने केलेल्या तापमानवाढीचं’ हेही बरोबर नाही. प्रवाळांमध्ये अल नीनोच्या हजारो वर्षं जुन्या खुणा सापडतात. तापमानवाढ खरी आहे, ती या चक्रावर भर घालते. चक्र मात्र आधीपासूनचं आहे, आणि ते दोन ते सात वर्षांत कधीही येतं, ठरावीक तिथीला नाही.

‘उष्ण प्रदेशातल्या झाडांना ऋतू कळत नाहीत, म्हणून खोडात वलयं नसतात’ असं शिकलेली माणसंही सांगतात. सागाचा आडवा काप भिंगाखाली धरावा. वाढीचा हंगाम सुरू होताना पडलेली मोठी छिद्रं एका ओळीत दिसतात, मग लाकूड दाट होत जातं, आणि पुन्हा छिद्रांची नवी ओळ. एका ओळीपासून दुसरीपर्यंत एक वर्ष. पुण्याच्या त्याच हवामान संस्थेतले हेमंत बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळच्या सागाच्या अशा वलयांतून ५२३ वर्षांची नोंद उभी केली. अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनची बरीचशी अरुंद वलयं कमी पावसाच्या आणि अल नीनोच्या वर्षांशी जुळतात. बरीचशी, सगळी नाही.

आणि बांबू फुलला म्हणजे पाऊस बुडणार, ही तर निव्वळ भीती. बांबूच्या अनेक जातींचा फुलोरा त्यांच्या आतल्या घड्याळावर चालतो. मिझोराममधला बांबू १९५९च्या सुमारास फुलला, मग थेट २००७च्या सुमारास. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, तीही याच हिशेबाने. त्यात अल नीनो शोधू नये.